मुबिताची गोष्ट छापायची राहिली

“या बाईला आयुष्यात काही नावडतं की नाही!”

वितुम्बुवा, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळणाऱ्या मावशींच्या टपरीपुढे रांग होती. माझ्या पुढचा उंच माणूस मोबाईलकडे बघून असं पुटपुटत एकटाच हसत होता. मी टाचा उंचावून पाहिलं... आणि कान तापले. पडद्यावर माझाच ब्लॉग होता — ‘इन्साका’.

“वाईट लिहिते का?” मी विचारलं.

“छान लिहिते. पण सदा दुसऱ्यांचं कौतुक! चिपाटाचा कवी, काब्वेची कथाकार... टोंगा जमातीची असणार. गाईंचं कौतुक करून करून सवय लागलेली.”

“टोंगाच आहे मी. आणि ती बाईसुद्धा मीच.”

गरम वितुम्बुवांचा पुडा त्याच्या हातून निसटता निसटता राहिला.

“मेलो! पण मी लोझी जमातीचा. टोंगांची थट्टा करायचा वाडवडिलांपासूनचा हक्कच आहे आमचा.”

“नदीकाठचे तुम्ही, मासे खाऊन जीभ घसरते तुमची, दुसरं काय!”

तो मुबिता. शाळेत गणित शिकवायचा आणि वहीत गोष्टी लिहायचा. मग दर शनिवारी आम्ही लुसाकाच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर भेटू लागलो. ब्लॉगसाठी आलेलं लेखन तो मोठ्यानं वाचायचा, मी निवडायची. एखादी ओळ आवडली की तो थांबून माझ्याकडे बघायचा... आणि मी उगाच कागद चाळत राहायची.

एका शनिवारी त्यानं स्वतःची गोष्ट माझ्या हाती ठेवली. झांबेझीवरच्या एका नावाड्याची. घरी जाऊन मी ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनाशी झाली, इतकं डोळ्यांत पाणी.

आणि तरी मी ती छापली नाही.

तोवर कुजबूज सुरू झाली होती — मुबिता म्हणजे लुयांडोचा, म्हणजे माझा, माणूस. लोक म्हणतील, प्रियकराला मखरात बसवलं! हे मी स्वतःला सांगत राहिले. त्यामागचं खरं कारण वेगळंच होतं. ती गोष्ट वाचल्यावर सगळं शहर त्याला बोलावणार होतं, आणि मला माझे शनिवार कुणाला द्यायचे नव्हते.

आठ महिन्यांत मी चौदा जणांवर भरभरून लिहिलं. त्यानं एकदाच विचारलं.

“खरं सांग, लुयांडो... नाही ना जमली?”

“तसं नाही रे — थांब ना जरा!”

तो थांबला. मग दूर मोंगूला त्याची बदली झाली. मी बसपर्यंत सोडायला गेले.

“तुला जे आवडतं, ते तू जगाला ओरडून सांगतेस,” तो हळूच म्हणाला. “माझ्याबद्दल गप्प राहिलीस. कळलं मला. राग नाही.”

दोन शब्द ओठांवर होते. मी म्हटलं, “पोचलास की कळव.”

दोन वर्षं गेली. शेवटी एका सकाळी मी त्याची गोष्ट छापली. वर सगळं खरं लिहिलं — किती आवडली, आणि का दडवली. मनातलं सगळं.

संध्याकाळी फोन आला.

“वाचली,” मुबिता म्हणाला. “म्हणजे... नामाकाऊनं वाचून दाखवली. बायकोनं.”

मी खिडकीचा गज घट्ट धरला.

“वरचं सगळं?”

“सगळं. रडली ती. म्हणाली, हे आधी छापलं असतं, तर मी तुला भेटलेच नसते.”

मी गज सोडला.

“लिहितोस अजून?” मी विचारलं.

“सोडलं होतं... पण ती म्हणते, पुन्हा लिही. पाठवू?”

“पाठव,” मी म्हटलं. “आली की त्याच दिवशी छापते.”