खिशातला फ्यूज

"मोबाईल खाली ठेवा. अंधार काही खात नाही तुम्हाला," निवृत्त मीटरवाला गच्चीवर जमलेल्या पोरांना म्हणाला. "ही गोष्ट ऐकीव नाही. त्या वायरमनने स्वतः मला सांगितली."

गेल्या वर्षीचा मंगळवार. रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटं. वायरमनला भावजयीचा, धाकट्या भावाच्या बायकोचा, फोन आला. "दादा, स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतोय. जळका वासही येतोय."

तो पिशवी घेऊन निघाला. दहा महिन्यांत त्या घराची पायरी तो चढला नव्हता.

दोघे भाऊ जोडीने वायरिंग करायचे. नियम एकच. आधी फ्यूज काढायचा आणि खिशात घालायचा. म्हणजे आपला हात तारेवर असताना दुसरं कुणी तो परत लावत नाही. दहा महिन्यांपूर्वी एका घरी धाकटा शिडीवर होता. थोरल्याने फ्यूज काढला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फ्यूज मीटरच्या पेटीवर ठेवून तो बोलत बाहेर गेला. काम झालं असेल म्हणून घरमालकाने तो लावला...

थोरल्याने सगळ्यांना सांगितलं, धाकटा फ्यूज काढायलाच विसरला.

दार आईने उघडलं. "वाट चुकलास वाटतं?" मग हळूच म्हणाली, "तू तरी जपून कर रे. तो वेंधळा होता."

त्याने मान खाली घातली. बाहेरच्या बोळात जाऊन मीटरच्या पेटीतला फ्यूज काढला. घर अंधारलं. भावजयीने बॅटरी धरली, तो स्टुलावर चढला आणि ठोकून ठोकून छताजवळचा तारांच्या जोडाचा डबा उघडला.

आत धाकट्याने केलेला जोड होता. काळ्या टेपचे तीन वेढे, शेवटचं टोक दुमडलेलं. पुढे कधी सोडवावा लागला तर दादाला त्रास नको, म्हणून तो दुमडायचा.

त्याने टेप सोडवली. उघडी तार दोन बोटांत धरली. आणि त्याला रडू कोसळलं. हात तसाच राहिला.

बोळातून आईचा आवाज आला.

"अरे, फ्यूज कुठाय?"

त्याचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा.

"तुझं ठोकणं थांबलं. म्हटलं झालं काम. लावायला आले तर मीटरच्या पेटीवर ठेवलेला फ्यूजच नाही."

पेटीवर. त्याने पुन्हा पेटीवरच ठेवला होता...

तो खाली उतरला. तिघांनी शोधलं. बोळात नाही. पिशवीत नाही. जमिनीवर नाही.

भावजयीचा हात थबकला. बॅटरीचा उजेड दारामागच्या खुंटीवर पडला होता. तिथे धाकट्याचा शर्ट. दहा महिने तिने तो धुतला नव्हता, कुणाला हात लावू दिला नव्हता.

खिसा ओझ्याने खाली ओढला गेला होता.



थोरला शर्टाकडे बघत म्हणाला, "आई... त्या दिवशी फ्यूज मी काढला होता. मीच पेटीवर ठेवला. तो विसरला नव्हता."

आई भिंतीला टेकली. "दहा महिने," ती म्हणाली, "दहा महिने मी माझ्या लेकराला वेंधळा म्हणत आले रे..."

भावजयीने शर्टाच्या खिशात हात घातला. फ्यूज बाहेर आला. वायरमनच्या पिशवीतल्या टेपचं रीळ अजून कोरं होतं, वेष्टनसुद्धा फाडलेलं नव्हतं.

फ्यूजवर काळ्या टेपचे तीन वेढे होते. शेवटचं टोक दुमडलेलं.