चौथं खोकं

एस्टी पेणच्या स्टँडात शिरली, तेव्हा माहिराच्या मांडीवर सात किलो वायरी होत्या आणि डोक्यात त्याहून जास्त राग.

रोह्याहून पेणला वायरी विकायला कोण येतं? पण रोह्यातला भंगारवाला पडला अब्बांचा दोस्त. मागच्या महिन्यात तिने गुपचूप एक पिशवी त्याच्याकडे टाकली, तर संध्याकाळी तो स्वतः पिशवी घेऊन घरी हजर! "याकूबभाई, पोरीने चुकून टाकली वाटतं." वर चहा पिऊन गेला, दोन खाऱ्या खाऊन गेला. अब्बांनी पिशवी पोटाशी धरली, जशी काही जत्रेत हरवलेली लेक सापडली. त्याच दिवशी माहिराने ठरवलं, पुढची पिशवी तालुक्याबाहेर.

ती खाली उतरली. पिशवी मात्र उतरेना. तिने जोर लावून ओढली, तर मागून कुणीतरी ओरडलं, "अहो… अहो, मलापण घेऊन चाललात!"

पिशवीतून लोंबणारी एक काळी वायर मागच्या तरुणाच्या बॅगेच्या चेनीत अडकली होती. बॅग त्याच्या गळ्यात. तो पायरीवर एका पायावर, ती खाली, आणि दोघांच्या मागे कंडक्टर — "तुमचा संसार खाली उतरून मांडा, गाडी डेपोत लावायचीय!"

माहिराने पुन्हा हिसका दिला.

"खेचू नका. खेचली की गाठ बसते." तो शांतपणे खाली उतरला, दोन बोटांनी वायर सैल केली, सोडवली… आणि तिचं टोक बघून त्याचा चेहरा असा उजळला की माहिराला वाटलं, वेडा आहे. "ही कुठून आणलीत?"

"का? चोरीची वाटते?"

"नाय हो! व्हिडिओ कॅमेऱ्याची हाय. अशी पिन आता बघायला मिळत नाय. हिचं यंत्र कुठाय?"

"मेलं. आमच्या घरी यंत्रं मरतात आणि वायरी मागे राहतात. तुम्हाला हव्यात? घरी अजून एक पेटी भरून आहेत."

"अजून एक पेटी?" लोक 'अजून आमरस आहे?' विचारतात ना, त्या सुरात त्याने विचारलं.

त्याचं नाव अदनान. पेणच्या बाजारामागच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान. खांबला मामाकडे गेला होता, तिथून रोह्यात येऊन ही गाडी पकडली होती. फेकण्याआधी एकदा बघू द्या, म्हणाला. संध्याकाळी माहिरा सातही किलो घेऊन परत आली, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की गेली होती पिशवी टाकायला, आणि आली एक माणूस घरी बोलावून!

माहिराचे अब्बा, गावाचे याकूबचाचा, सव्वीस वर्षं कुवेतला होते. दर सुट्टीला एक यंत्र घेऊन यायचे. टू-इन-वन, व्हीसीआर, कॅमेरा, कॉर्डलेस फोन, संत्र्याचा रस काढायचं मशीन. रोह्याच्या दमट हवेत यंत्रं एकेक करून गेली. वायरी राहिल्या. पलंगाखालच्या पेटीत, बिस्किटांच्या डब्यात, तांब्याच्या हंड्यातसुद्धा. दोन वर्षांपूर्वी चाचा कायमचे घरी आले, तेव्हापासून त्या वायरींवर पहारा. "लागेल गो कधीतरी!"

माहिराला हे सहन होणं शक्यच नव्हतं. ती धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये. तिथे चिठ्ठी नसलेली बाटली, आत काय आहे हे कुणी शपथेवर सांगितलं तरी, ओतून टाकायची असा नियम. चिठ्ठीवर चार ओळी — काय, कशाचं, लागतं का, आणि मुदत. घरी वायरींना लावायच्या चिठ्ठ्यांवरून तिने चौथी ओळ गाळली. वायरींना मुदत नव्हती, हेच तर दुखणं होतं! मग तिने चार खोकी मांडली. ठेवायचं. द्यायचं. टाकायचं. आणि ज्या वायरीचं गोत्र कुणालाच ठाऊक नाही, तिच्यासाठी चौथं — विचारायचं.

रविवारी अदनान आला. अम्मीसाठी पोह्यांचे पापड घेऊन आला. अम्मीला पहिल्याच मिनिटाला खिशात घातलं त्याने.

"चाचा, ही कशाची?"

"ही? अरे, त्या साली कुवेतमधे काय थंडी पडलेली—"

अकरापासून एकपर्यंत तीन वायरी झाल्या. तीन! माहिरा हातात चिकटपट्टी घेऊन उभी.

"तुम्ही कामाला आलात की गोष्टी ऐकायला?"

"तुम्ही दर रविवारी अशाच रागावता?"

"नाही. एरवी जास्त."

"मग पुढच्या रविवारीपण येतो. एरवीचं बघायला."

अम्मी स्वयंपाकघरात खोकली. खोकला नव्हता तो.

दुसऱ्या रविवारी श्रावणातली सर पत्र्यावर वाजत होती. दोघं ढिगाच्या दोन बाजूंना बसून आपापली वायर सोडवत होते. वरून, खालून, हिच्या पोटातून, तिच्या पाठीवरून… अर्ध्या तासाने दोघांचे हात मधोमध एकमेकांना लागले. वायर एकच निघाली.

"अर्धा तास फुकट!" माहिरा करवादली.

"फुकट नाय," तो हळूच म्हणाला. आणि त्याने हात लगेच काढला नाही. तिनेही… पण ते तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

तिसऱ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी आधी केलं यावर दोघांचं भांडणही झालं.

चौथ्या रविवारी पेटीच्या तळाशी एक जाड, तांबूस वायर निघाली. माहिरा ती 'टाकायचं'मध्ये टाकणार, तोच अम्मीने हात धरला.

"ती ठेव. टेपची हाय."

"टेप कुठे राहिला अम्मी आता?"

"नसू दे." अम्मी खाली बसली. "तेव्हा फोन कुठे होते घरोघरी? हे कॅसेट भरून पाठवायचे. पत्रात लिहायला लाजायचे, पण बोलायचे मात्र छान. शेवटी शेवटी म्हणायचे, 'जमिला, अजून दोन वर्षांचा करार करतोय.' की कॅसेट संपली. खट्."

"आणि तू काय म्हणायचीस?"

"कॅसेटला काय उत्तर देणार गो?"

याकूबचाचा एकदम उठून अंगणात गेले. अदनानच्या हातातली वायर तशीच राहिली. त्या दिवशी तो लवकर निघाला. चहासुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी माहिरा खोकी आवरायला बसली. 'विचारायचं'मध्ये सगळ्यात वर एक पाकीट होतं. त्यावर तिचीच चिकटपट्टी, आणि अक्षर मात्र कोंबडीचे पाय.

काय — दोहाची नोकरी, दोन वर्षं.
कशाचं — मामाने आणलेली. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.
लागतं का — विचारायचं.

माहिराने ते तीनदा वाचलं. कुठल्या मुलाला हो म्हणायचं याबद्दल तिचं काही ठरलं नव्हतं, पण कुठल्या मुलाला नाही म्हणायचं हे दहाव्या वर्षापासून पक्कं होतं. जो परदेशात राहतो आणि नुसता खोक्यातून घरी येतो, त्याला. आणि आता बघा! चार रविवार बसून तिने स्वतःच्या हाताने नेमकी तीच गाठ मारून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून अर्धी रजा टाकून, काखेत ते चौथं खोकं मारून ती पेणच्या एस्टीत बसली. वडखळला गाडी पाऊण तास अडकली. तेवढ्या वेळात राग निवला असता तर ती माहिरा कसली!

दुकानात काउंटरसमोर बायजाबाई नावाच्या खाडीकडच्या एक आजी आपला फोन दुरुस्त व्हायची वाट बघत बसल्या होत्या. माहिराने खोकं काउंटरवर आदळलं.

"हे काय आहे?"

अदनानच्या हातातला पेचकस पडला. "चिठ्ठीवर लिहिलंय ना…"

"लागतं का, ते मला विचारतोस? नोकरी तुझी, पाय तुझे!"

"मग कुणाला विचारू?"

सव्वीस वर्षांत माहिराच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पण म्हणून राग सोडेल ती कसली!

"विचारलंस ते बरं केलंस. पण खोक्यात टाकून पळालास? ती कॅसेटच झाली ना, अदनान! उत्तर द्यायला समोर कोण होतं?"

त्याने पडलेला पेचकस उचलून काउंटरवर ठेवला.

"आता समोर आहेस. आधी तू सांग, तुला काय हवंय?"

"मामाला नाय म्हणायला जीभ उचलत नाय माझी. हे काउंटर त्यानेच बसवून दिलं. त्याचा पोरगा बॅग भरून बसलाय दोहाला जायला, पण मामा म्हणतो तो टिकणार नाय तिकडे—"

"मामाला काय हवंय ते नाही विचारलं मी."

तो काउंटरवरचे स्क्रू ओळीने मांडायला लागला. एक… दोन… तीन…

"आरं बोल ना रं पोरा!" बायजाबाई कळवळल्या. "माजी येष्टी सुटंल!"

"मला नाय जायचं," अदनान एका दमात म्हणाला. "मला रविवार हवेत. सगळे." मग कान लाल करून, "…मधले वारपण."

माहिराने खूप प्रयत्न केला, तरी तिचा राग जागेवर राहीना. तिने पाकीट उचललं, आधीची चिठ्ठी खरवडून काढली, नवी लावली. द्यायचं. मामाच्या मुलाला.

"आणि मामाला तू स्वतः सांगायचंस. समोर बसून. फोनवर नाही."

"सांगतो. उद्याच जातो खांबला." मग तो जरा पुढे झुकला. "आणि माझं काय? मी कुठल्या खोक्यात?"

"चिठ्ठी नसलेली बाटली आम्ही ओतून टाकतो."

त्याने घाईघाईने चिकटपट्टीचा तुकडा तोडला, पेन घेतलं आणि लिहून तिच्यापुढे सरकवलं.

काय — अदनान.
कशाचं — माहिराचं.
लागतं का —

पुढे कोरं. पेन तिच्याकडे. बायजाबाई मान लांब करून बघत होत्या. वाचता येत नसलं तरी त्यांना सगळं कळत होतं.

माहिराने लॅबमध्ये लिहिते तशा नीट, गोल अक्षरात लिहिलं. लागतं. आणि ती पट्टी त्याच्या शर्टाच्या खिशावर दाबून बसवली. जरा जास्तच वेळ दाबली.

"तुमच्या लॅबच्या चिठ्ठीवर चौथी ओळ असते ना?" त्याने हळू आवाजात विचारलं. "मुदतीची?"

"असते," माहिराने पेनाचं टोपण लावलं. "या चिठ्ठीवर नाही."