आधीच काढून ठेवा

राहनाळच्या गोदामांमागे दौलतशेठची चाळ होती. तिच्या शेवटच्या खोलीत दुपारचा बायकांचा साक्षरता वर्ग भरायचा. एका भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमची खटखट चाले, दुसरीकडे ट्रकचे हॉर्न वाजत. आणि मधे केसरीनाथभाऊ फळ्याकडे तोंड करून शिकवत असायचे. बायकांकडे बघून बोलायला लागले की त्यांचा आवाज घशातच राहायचा. उभा जन्म वाचनालयात देवघेवीच्या खिडकीमागे गेलेला. लोकांपेक्षा पुस्तकांच्या पाठी त्यांना जास्त ओळखीच्या.

भाद्रपदात दौलतशेठ दारात उभे राहिले. "भाऊ, खोलीला गिऱ्हाईक हाय. मी दसऱ्याला बघाया येतो. एका तरी बाईनं माझ्यासमोर पुस्तक वाचून दाखवायचा. न्हाय तर हितं कापडाचे तागे ठेवीन."

"शेठ, तुमची सही बघितलीय आमी," वर्गातली सीताबाई मागून म्हणाली. "कोंबडी चालून गेल्यासारखी."

शेठसुद्धा हसले. पण शब्द मागे घेतला नाही.

वर्गात फळा होता, तक्ता होता. पुस्तक एकही नव्हतं. घरोघरी फिरून पुस्तकं गोळा करावीत असं ठरलं. बायकांची सकाळी गोदामात ड्युटी, तेव्हा फिरणार कोण? सगळ्या भाऊंकडे बघायला लागल्या आणि भाऊ कोराच फळा पुसायला लागले.

आजवर कुणाच्याही दारात ते एकटे गेले नव्हते. गावातल्या बाया नवऱ्याच्या चार पावलं मागून चालायच्या, यांच्याकडे उलटं. बायको मैना पुढे आणि भाऊ मागे. लेकीच्या लग्नाची अक्षत द्यायची असो की कुणाच्या दुखवट्याला जायचं असो, ती आधी जाऊन कडी वाजवायची. दोनदा, मग थांबून एकदा. दार उघडलं की म्हणायची, "हे आलेत. कोपऱ्यावर उभे आहेत, लाजतात." मग भाऊ पुढे व्हायचे. मैनेला जाऊन दोन वर्षं झाली होती.

पहिल्या दारासमोर ते पिशवी घेऊन नुसते उभे राहिले. परत फिरावं असं मनात आलं, तोच दार उघडलं. घरातली नवी सून पुस्तकांचा गठ्ठा घेऊनच बाहेर आली.

"घ्या भाऊ."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मगाशीच बाई सांगून गेली ना. पानी देत होते, पन प्याली न्हाय."

सीताबाईने कुणाला तरी पाठवलं असेल, भाऊंना वाटलं. किती जाणती बाई! पुढच्या घरी गठ्ठा तयार होता. त्याच्या पुढच्या घरीही. भिवंडीत लूमवाल्यांच्या गल्लीत ओळखीचं कुणी नव्हतं, तिथेही एक पोरगी उंबऱ्यात पिशवी धरून उभी.

"चाचा, अभी एक खाला आई थीं. बोलीं, उनसे माँगा नहीं जाता, आधीच काढून ठेवा." मराठी शब्द तिने पाठ केल्यासारखे म्हटले आणि स्वतःच हसली.

भाऊही हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याबद्दल असं फक्त मैनाच बोलायची.

तेवढ्यात लाइट गेली. गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले. एरवी ज्या आवाजात माणूस ओरडून बोलतो तो आवाज गेल्यावर कानांत कापूस कोंबल्यासारखं झालं. आणि त्या शांततेत कोपऱ्यापलीकडे कडी वाजली.

दोनदा.

मग थांबून एकदा.

भाऊ जवळजवळ धावतच कोपऱ्यापर्यंत गेले. गल्ली मोकळी होती. लख्ख ऊन, सुतावर झोपलेलं एक मांजर, आणि एका बंद दाराची कडी आपल्याआप हलत होती. पिठाच्या हातांनी एका म्हातारीने दार उघडलं, भाऊंच्या मागे डोकावून पाहिलं. "त्या कुटं गेल्या?"

दुसऱ्या दिवशी सीताबाईला त्यांनी फळ्याकडे बघतच विचारलं, "तुम्ही कुणाला पाठवलं होतं का?"

"मी? आमाला पानी भरायला येल न्हाय भाऊ!"

पुस्तकांनी कोपरा भरला. दिवाळी अंक, दहावीची गाइडं, पाठ फाटलेल्या कादंबऱ्या. सीताबाईने एक उघडलं आणि मिटलं. "ही तर मुंग्यांची रांग हाय. मोठ्या अक्षरांचा एक पन न्हाय?"

"बघतो," भाऊ म्हणाले.

बघायची गरज नव्हती. मोठ्या अक्षरांचं पुस्तक त्यांच्या ट्रंकेत होतं, मैनेच्या लुगड्यांखाली. उतारवयात ती त्यावर वाचायला शिकत होती. चुलीपासून उठून तशीच बसायची, हळदीचं बोट शब्दांखालून ओढत. ओळींखाली पिवळी रेघ उमटत गेली होती. विहिरीच्या धड्यापर्यंत. तिथे मैना थांबली. पुढच्या पानांना हळद लागलीच नाही. सगळ्या गावाकडे पुस्तकं मागणाऱ्या भाऊंना हे एक देववत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा शेजारची आक्का ओट्यावर बसली होती.

"तुमच्या दाराची कडी कोन वाजवत होती हो? मी आतूनच सांगितला, घराला कुलूप हाय, आत कोनी न्हाय."

"मग?"

"म्हनते कशी, मानूस न्हाय, पन पुस्तक हाय ना."

कुलूप जसंच्या तसं होतं. ट्रंकही बंद. त्यांनी ती उघडली, पुस्तक न उघडताच काढलं आणि दुपट्यात बांधलं.

दसऱ्याला लूम बंद, झेंडूच्या माळा घातलेले. दौलतशेठ आपट्याची पानं घेऊन आले आणि पाय दुमडून बसले. सीताबाईने पुस्तक उघडलं.

"अगो बाय, हिनं तर मला वाट काढून ठेवलीय," ती म्हणाली, आणि पिवळ्या रेघेवर बोट ठेवून वाचू लागली. अडखळली, सावरली, पुढे गेली. विहिरीचा धडा संपत आला तसे भाऊ फळ्याकडे वळले. पुढे रेघ नाही हे त्यांना पाहायचं नव्हतं.

"पुरे," ते हळूच म्हणाले.

पान उलटल्याचा आवाज आला. सीताबाई वाचतच होती.

"बस बस," दौलतशेठ म्हणाले. "खोली तुमची."

बायका हसल्या, कुणी टाळ्या वाजवल्या. सीताबाई थांबली नाही. एकेक पान उलटत शेवटच्या ओळीपर्यंत गेली, मगच बोट उचललं.

ते तिने पाहिलं. पदराला पुसलं.

"भाऊ," ती म्हणाली, "हितली हळद अजून ओली हाय."