श्रावणातलं गिऱ्हाईक

केदार पहिल्यांदा दुकानात आला तो स्कूटर पंक्चर झाली म्हणून. पंक्चरवाला शेजारीच होता, पाऊस भुरभुरत होता आणि आडोसा होता तो फक्त उत्कर्षाच्या मटणाच्या दुकानाचा. दहा मिनिटं नुसतं उभं राहायची लाज वाटली असावी.

“अर्धा किलो द्या,” तो म्हणाला.

“चाप, सीना की मांडी?”

“…चांगलं असेल ते.”

“सगळंच चांगलं असतं. बोकडं आमच्या घरची आहेत.”

डोणज्याच्या पुढे तिच्या वडिलांचं, ज्ञानदेवांचं, तीन एकर रान होतं आणि पंचवीसेक शेळ्या. व्यापारी येऊन पडेल भावात बोकड उचलायचे. ते बघवेना, म्हणून बी.कॉम. झालेल्या उत्कर्षाने वारज्यात गाळा घेतला. भैरूकाका मटण तोडायचा, ती वजन करायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायची.

केदार हिंजवडीत कामाला होता. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, मग दर रविवारी. शेळ्या काय खातात, त्यांना नावं असतात का, असलं काहीबाही विचारायचा. एकदा त्याने विचारलं, वाईट नाही का वाटत?

“वाटतं,” ती म्हणाली. “म्हणून तर जिवंत असेपर्यंत नीट सांभाळतो.”

यावर तो तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला, की तिने तेच मटण पुन्हा एकदा काट्यावर ठेवलं… उगाचच. रविवारी ती ठेवणीतली ओढणी घ्यायला लागली होती. का, ते तिलाही कळत नव्हतं.

मग श्रावण लागला. गिऱ्हाईक फारसं फिरकेना. भैरूकाका पेपर उलगडून बसला. आणि अकराच्या ठोक्याला केदार हजर.

“श्रावण पाळत नाही तुम्ही?”

“श्रावण… लागला का?”

तो गेल्यावर समोर फुलं विकणारी शालनमावशी रस्ता ओलांडून आली. हा पोरगा स्वतः मटण खातच नाही, दर रविवारी पिशवी माझ्या हातात ठेवून जातो, असं तिने सांगितलं. सदाशिव पेठेतलं घर आहे त्याचं. आज मात्र मावशीने श्रावणामुळे पिशवी घेतली नव्हती, आणि तो ती घेऊन बराच वेळ चौकात गोंधळून उभा होता.

उत्कर्षाला राग आला. वडिलांनी जिवापाड वाढवलेलं बोकड, आणि याने ते नुसतं निमित्त केलं. पण निमित्त कशाचं, हे मनात आलं की तिचे कान गरम व्हायचे. रागावावं की हसावं, आठवडाभर तिचं ठरेना.

रविवारी तो आल्यावर ती म्हणाली, “तुम्हाला विकणार नाही. न खाणाऱ्यासाठी आम्ही बोकड कापत नाही.”

त्याचा चेहरा पडला. “मग मी इथे यायचं कसं?”

तिने गल्ल्यातले पैसे मोजायला घेतले. तो गेला, तो दोन रविवार आलाच नाही. तेवढ्या दिवसांत तिने खिमा मागणाऱ्याला कलेजी दिली, डोणज्याच्या बसऐवजी भलत्याच बसमध्ये चढली. “पोरी, ध्यान कुठं हाय तुझं?” ज्ञानदेवांनी विचारलं. तिला तरी कुठे माहीत होतं?

तिसऱ्या रविवारी तो आला. भैरूकाका चहाला म्हणून बाहेर पडला.

“आज काही नको,” केदार म्हणाला. “मी घरी सांगितलं… तुमच्याबद्दल.”

“मला न विचारता?”

“हो. क्रम चुकला.”

तिने ओठ घट्ट मिटले, नाहीतर हसू फुटलं असतं. “दुकान मी सोडणार नाही.”

“मी कुठे म्हटलं सोडा म्हणून?”

“घरचे म्हणाले असतील.”

वासाचं म्हणतील, जातीचं म्हणतील… प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं ते तिने या दिवसांत कितीदा तरी मनात घोकलं होतं.

“बाबा पेपर वाचत राहिले,” तो म्हणाला. “आईने एवढंच विचारलं — आपलं जेवण तिला चालेल का?”

याचं उत्तर तिने तयार केलेलं नव्हतं. ती पाठ फिरवून काटा पुसायला लागली. डोळे भरून आले होते, आणि ते त्याला दिसू द्यावेत की नाही, हेही तिला ठरवता येईना. शेवटी ती तशीच वळली.

“आईंना सांगा,” ती म्हणाली, “कारलं सोडून सगळं चालतं.”