सात वाजून पाच मिनिटांनी

शिडीवर चढलेल्या माणसावर खालून ओरडू नये, एवढी अक्कल ब्रिओनीला एरवी होती. पण त्या मंगळवारी दुपारी फाटकासमोरच्या खांबावर केबल कंपनीचा माणूस दिसला आणि ती तशीच अनवाणी बाहेर धावली.

"अहो! आधी खाली उतरा!"

वरचा माणूस इतका दचकला की हातातला पाना सुटला आणि तिच्या पावलांपासून वीतभर अंतरावर ठणकन आपटला.

"लागलं का?"

"नाही. पण उतरा. तुमचे तीन जण येऊन गेले. तिघेही भर दुपारी आले आणि लाइन झकास आहे म्हणून निघून गेले. तुम्हीही तेच सांगणार असाल ना, तर ही शिडी मी घरात नेऊन ठेवीन."

तो उतरला. चांगला उंच, रुंद खांद्यांचा, दंडावरून मनगटापर्यंत उतरलेलं सामोअन गोंदण. घाम पुसत त्याने शिडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी तुमच्याच सतरा नंबरच्या तक्रारीसाठी आलोय. पण शिडी न्याच तुम्ही. फक्त दोघांनी धरावी लागेल, जड आहे. मी फेतू."

एरवी ती हसली असती. पण घड्याळात चार वाजले होते, म्हणजे सातला तीनच तास उरले होते.

"रोज सात वाजता होतं," ती म्हणाली. "सात वाजले की चित्र अडकतं. माझे हात अडकतात."

"हात?"

मग तिला सांगावंच लागलं. ब्रिओनीचे आईवडील दोघेही जन्मापासून ऐकू न येणारे. तोंडाने बोलायच्या आधी ती हातांनी बोलायला शिकली होती. आता तोच तिचा धंदा होता. ब्रिस्बेनच्या या केपेरा भागातल्या खांबांवरच्या लाकडी घरात, मागच्या खोलीत बसून ती संगणकाच्या पडद्यावरून दूरदूरच्या दवाखान्यांत दुभाषाचं काम करायची. डॉक्टर बोलायचे, ती खुणा करायची. रोगी खुणा करायचा, ती बोलायची. पाचशे-सातशे किलोमीटरवरच्या गावांत दुसरा दुभाषी कुठून येणार?

"मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्यांना डॉक्टर विचारत होते, कुठलं औषध चालत नाही. मी खूण केली आणि... अडकलं. अकरा सेकंद. त्यांना माझा अर्धाच हात दिसत होता. ते मान डोलवून हो-हो म्हणत राहिले आणि नर्सने सुई भरायला घेतली. मी ओरडले म्हणून थांबली."

फेतूच्या चेहऱ्यावरची थट्टा पार उतरली.

"वाय-फायवर करता का काम?"

"नाही. तारेने जोडलंय. घरातलं बाकी सगळं बंद करून पाहिलं. मोडेम बदलून पाहिला."

"मग आम्हाला कशाला बोलावता, तुम्हीच या कामाला!" तो म्हणाला, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं ते त्याने बरोबर टिपलं. "एक करा. आजपासून संध्याकाळी दर पाच मिनिटांनी पिंग लावायचा. म्हणजे इथून निरोप पाठवायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते वहीत लिहायचं. गुरुवारी मी संध्याकाळीच येतो."

"कंपनी संध्याकाळी माणूस पाठवत नाही."

"कंपनी नाही पाठवत... मी येतो."

*

गुरुवारी तो साडेसहाला आला. हातात मोजमापाचं यंत्र होतं आणि बगलेत कागदाची पिशवी.

"आत्याने पानिकेके तळलेत. तिला वाटतं, रात्रीच्या कामाला जाणारा माणूस उपाशी असतो."

"आणि तुम्ही तिला सांगितलं नाहीत की हे काम नाही?"

"सांगितलं. मग तिने दुप्पट तळले."

गरम गोड गोळे खात दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी वहीवर वाकले. बाहेर वटवाघळांचे थवे आंब्यांच्या दिशेने निघाले होते. वहीत सुवाच्य अक्षरात आकडे होते. सहा वाजता अठरा मिलिसेकंद. साडेसहाला एकोणीस. सातला वीस. आणि सात वाजून पाच मिनिटांनी — सहाशे चाळीस. मग नऊ वीसपर्यंत कधी पाचशे, कधी नऊशे, कधी निरोप परतच नाही. नऊ पंचवीसला पुन्हा अठरा.

"दोन्ही दिवस हेच?"

"अगदी हेच. म्हणतात ना, संध्याकाळी सगळे घरी येतात, सिनेमे बघतात, लाइनवर गर्दी होते—"

"गर्दी अशी येत नाही," तो हळूच म्हणाला. "गर्दी हळूहळू वाढते, हळूहळू ओसरते. हे तर बटण दाबल्यासारखं चढतंय. ब्रिओनी, या गल्लीतल्या सगळ्या घरांची तार शेवटी एकच. कुणीतरी सातच्या सुमाराला असं काहीतरी लावतंय, ज्याची खरखर तारेत शिरते. येणारं चित्र बरं राहतं, पण इथून जाणारं चित्र त्या खरखरीत बुडतं, नुसता आवाज कसाबसा पोचतो."

तेवढ्यात सात वाजले. तिने हात टेबलाखाली लपवले, पण त्याने पाहिलंच.

"थंड पडतात?"

"रोज. हल्ली सहा वाजल्यापासूनच." ती घाईघाईने म्हणाली, "आणि येत्या सोमवारी जोसीचे दिवस भरतात. पश्चिमेकडच्या एका लांबच्या गावात असते, तिलाही ऐकू येत नाही. पहिलंच बाळंतपण, तिला दुसरं कुणी दुभाषी नकोय. ती म्हणते, मला तुझे हात कळतात. आणि माझे हातच जर तिथे पोचले नाहीत..."

त्याने पिशवीत उरलेला शेवटचा पानिकेके तिच्या तळहातावर ठेवला. अजून ऊन होता.

शनिवारी तो पुन्हा आला आणि दोघं यंत्र घेऊन गल्लीभर खांबाखांबाशी फिरले. शेजारची बाई पडद्याआडून बघत होती.

"लोकांना काय वाटत असेल?" ब्रिओनी पुटपुटली.

"की तुम्ही शिडी चोरताय आणि मी मदत करतोय."

ती हसली. कितीतरी दिवसांनी, आणि तेही सात वाजल्यानंतर!

खरखर येत होती ती गल्लीच्या टोकाच्या तीन घरांकडून. दोन घरांतल्यांनी दारं उघडली, तिथे काही निघालं नाही. तिसरं होतं तेवीस नंबरचं — स्ट्राउड नावाच्या म्हाताऱ्याचं. झाडी माजलेली, फाटकावर 'आत येऊ नये', आणि घराखालच्या अंधारात गुरगुरणारा मोठा कुत्रा. लोक म्हणत, म्हातारा दारावर आलेल्यांवर बंदूक रोखतो. आत दिवा होता, पण फाटकातून कितीही हाका मारल्या तरी कुणी बाहेर आलं नाही. ब्रिओनीने फेतूची बाही धरून त्याला मागे ओढलं.

"चला इथून."

फेतूने चिठ्ठी टाकली, ऑफिसला कळवलं. मालकाला न विचारता तार तोडायची परवानगी नव्हती. ऑफिसने तपासणीसाठी पुढचा गुरुवार दिला.

*

जोसीला सोमवारीच कळा सुरू झाल्या.

संध्याकाळी सव्वासहाला ब्रिओनी पडद्यासमोर बसली तेव्हा आभाळ हिरवट-काळं झालं होतं. पलीकडे जोसीचा घामेजला चेहरा. सुईण सांगत होती, ब्रिओनीचे हात बोलत होते. पावणेसातला पहिली वीज कडाडली आणि पत्र्यावर पावसाचा मारा सुरू झाला. जोसीने जरा डोळे मिटले, तेवढ्यात खोलीच्या दारात फेतू उभा दिसला, निथळत. तिने दुपारीच त्याला कळवलं होतं.

"तेवीसमध्ये जातो," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"नको. कुत्रा आहे. आणि तो माणूस..."

"पंधरा मिनिटं आहेत."

"फेतू, एकटा नको जाऊस."

तो थबकला. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नव्हतं. मग तो वळला आणि पावसात निघून गेला.

सात वाजले. जोसीने डोळे उघडले. सुईणीचा आवाज बदलला होता. बाळाचे ठोके मंदावत होते. डॉक्टर धावत आत आल्या आणि भराभर बोलू लागल्या, "तिला सांगा, लगेच ऑपरेशन करावं लागेल. भूल देणार आहोत, पण कमरेखालची. ती जागी राहील. आधी तिची संमती हवी."

ब्रिओनीने हात उचलले. सात वाजून पाच.

जोसीच्या भुवया आक्रसल्या. तिने खूण केली — काय? पुन्हा सांग.

ब्रिओनीने पुन्हा सांगितलं. सावकाश. मोठ्या खुणांनी. जोसी पडद्यावर बोट आपटत होती. *तू थांबलीस. तू का थांबलीस? बाळ गेलं का?*

"नाही! नाही गं!" ब्रिओनी तोंडाने ओरडली, जे जोसीला कधीच ऐकू जाणार नव्हतं. तिने डॉक्टरांना सांगितलं, "माझं चित्र तिच्याकडे अडकतंय. तिला वाटतंय बाळ गेलं. कागदावर लिहा, पटकन लिहा!" कुणीतरी कागद शोधायला धावलं. जोसी हुंदके देत होती, कुणाला जवळ येऊ देत नव्हती. सात बारा. सात पंधरा. बाहेर गल्लीच्या टोकाला कुत्रा पिसाळल्यासारखा भुंकत होता. मग एक जोराचा धाडकन आवाज झाला... वीज होती, की दुसरं काही? तिला उठता येत नव्हतं. समोर एक जीव आणि बाहेर दुसरा. आणि हातात काय, तर हे दोन बर्फासारखे हात, जे कुठेच पोचत नव्हते.

तरी ती खुणा करत राहिली. बाळ आहे. जिवंत आहे. बाळ आहे.

सात अठराला जोसीचा हात हवेत थबकला. ती पडद्याकडे टक लावून बघत होती.

*आहे?* तिने विचारलं.

*आहे,* ब्रिओनीचे हात म्हणाले, आणि या वेळी ते पोचले. अख्खेच्या अख्खे, क्षणाचाही उशीर न होता. *आता नीट बघ माझ्याकडे. डॉक्टर काय म्हणतात ते सांगते.*

त्यानंतर तिला वेळेचं भान राहिलं नाही. नर्सने पडदा जोसीच्या उशाशी धरून ठेवला होता. चाकांचा खडखडाट, पांढरा उजेड, हिरवे कपडे. ब्रिओनी एकेक गोष्ट सांगत गेली: आता दाब जाणवेल, आता ओढल्यासारखं वाटेल, घाबरू नकोस. आणि मग तिला ते ऐकू आलं. चिरका, चिडलेला, खणखणीत आवाज. जोसी मात्र सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती, भेदरून.

*रडतेय,* ब्रिओनीने सांगितलं, आणि तिच्या स्वतःच्या गालांवरून पाणी वाहत होतं. *मुलगी आहे. केवढ्यांदा रडतेय! खोली दणाणून सोडलीय तिने.*

*

पडदा बंद करून ती बाहेर धावली तेव्हा नऊ वाजत आले होते. पाऊस थांबला होता. फेतू व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. विजारीचा पाय गुडघ्यापासून फाटलेला.

"कुत्रा?"

"कुंपण. कुत्रा नुसता चाटतो." त्याने वर पाहिलं. "बाळ?"

"मुलगी. दोघी ठीक आहेत."

त्याने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. ती त्याच्या शेजारी बसली.

"काय झालं तिथे? तो आवाज कसला?"

"मी पडलो तो. कचऱ्याच्या डब्यावर. स्ट्राउडना ऐकूच येत नाही, ब्रिओनी. हळूहळू गेलं, असं तेच नंतर म्हणाले, आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सातच्या बातम्यांपासून झोपेपर्यंत टीव्ही लावतात, पूर्ण आवाजात, आणि चित्र नीट दिसावं म्हणून एक जुनाट बूस्टर. केबल टीव्ही कधीच बंद केलाय, छतावरच्या अँटेनावर बघतात, पण बूस्टर अजून आमच्याच तारेत खुपसलेला. मी खिडकीवर थापा मारल्या तर क्रिकेटची बॅट घेऊन उठले."

"मग?"

"मग काय... तोंडाने बोलून उपयोग नव्हता. हात जोडले. टीव्हीकडे बोट दाखवलं, कुशीत बाळ धरल्यासारखं केलं, पुन्हा हात जोडले. दोन-तीनदा केलं. काय कळलं त्यांना कोण जाणे, पण बॅट खाली ठेवली आणि दार उघडलं. मी प्लग उपटला. पण खूप भीती वाटत होती."

"बॅटची?"

"नाही. उशीर होईल याची. आणि तुला पुन्हा एकदा ते... बघावं लागेल याची."

"मला तुझी वाटत होती," ती म्हणाली. "तिकडे जोसी रडत होती आणि माझा एक कान बाहेर होता. असं कधी झालं नव्हतं माझं. कामात असताना कधीच नाही."

खाली अंगणात बेडकांनी गोंधळ मांडला होता. शेवटी तो अवघडून उठला.

"लाइन आता साफ आहे. म्हणजे... मला यायला तसं काही कारण उरलं नाही."

"मग बिनकारणाचा ये."

"कधी?"

"उद्या. पण स्ट्राउडना माझ्या आईकडे घेऊन जायचंय. त्या वयात खुणा शिकायला जड जाईल, पण आई सोडणार नाही त्यांना." ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "आणि परवाही ये. परवा आपण दोघंच."

"परवा संध्याकाळी कामावर असतेस तू."

"सुट्टी मागते."

फेतूने हात पुढे केला, मग मध्येच अडखळला — चिखलाने माखलेला होता. तिने तो तसाच धरला. त्याने तिच्या बोटांकडे आश्चर्याने पाहिलं.

"गरम आहेत," तो म्हणाला.

"हो," ब्रिओनी म्हणाली, आणि हात न सोडता त्याला घरात घेऊन गेली.