फॅन हळू केला तेव्हा

कुणी हसेल, कुणी खोटं म्हणेल. म्हणा. पण हे घडलंय. आणि ज्या हलीमासोबत घडलं, ती आजही पनवेलमध्येच राहते.

मे महिना, २०११. सुकापूरमधली नवी बिल्डिंग, तिसरा मजला, भाड्याचा फ्लॅट. नवरा शाहीद दोहाला नोकरीला. घरात हलीमा आणि चार वर्षांची हिबा.

दोघीच.

रोज संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की शाहीदचा व्हिडिओ कॉल यायचा. पण लॅपटॉप जुना. कॉल सुरू झाला की तो तापायचा आणि आतला फॅन असा घोंघावायचा की शाहीद वैतागायचा.

"हलीमा, तू घरी बसलीयेस की पिठाच्या गिरणीत?"

एका रविवारी तिचा धाकटा भाऊ अरसलान आला. त्याने फॅनचा वेग कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं.

"हे बघ आपा. ही पट्टी डावीकडे सरकवली की फॅन हळू. आवाज नाही, बॅटरीही जास्त टिकते. पण मशीन तापणार. फारच तापलं तर आपोआप बंद पडेल. उजवीकडे नेलीस तर थंड राहील, पण गोंगाट, आणि बॅटरी लवकर जाणार. काय ते बघून मध्ये कुठेतरी ठेव."

त्या संध्याकाळी हलीमाने पट्टी पार डावीकडे नेली.

फॅन शांत झाला.

"वा! आता कसं स्पष्ट..." शाहीद बोलता बोलता थांबला.

"काय झालं?"

"घरी कोणी आलंय का?"

"नाही. का हो?"

"मागे कोणीतरी बाई बोलतेय..."

हलीमाने वळून पाहिलं. हिबा चटईवर चित्रं काढत बसली होती. टीव्ही बंद. शेजारचा फ्लॅट तर केव्हापासून रिकामा.

"मला तर काहीच ऐकू येत नाही."

"जाऊ दे. नेटची गडबड असेल," शाहीद म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी तिने पट्टी आपणहून मध्यावर ठेवली. फॅनची घरघर सुरू होती. तिला ती बरी वाटत होती.

आणि कॉल चालू असतानाच लाइट गेली. नेट डोंगलवर होतं, म्हणून कॉल टिकला.

घरात फक्त लॅपटॉपचा उजेड. बॅटरी निम्मी. कॉल तुटला तर या अंधारात एकटं बसावं लागणार... म्हणून तिने पट्टी पुन्हा डावीकडे नेली.

शांतता.

शाहीदने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला.

"हलीमा... ती आहे."

"काय म्हणतेय?"

"तिथल्या गावच्या बायकांसारखी बोलतेय. 'दार उघड गं बाय... आत लय उकडतंय.' तेच तेच म्हणतेय."

हलीमाचा हात फॅन वाढवायला गेला.

"वाढवू नकोस! मग मला ऐकू येणार नाही. लॅपटॉप उचल आणि घरात फिर. ती कुठे आहे ते कळू दे."

तिने लॅपटॉप उचलला. खालून चटका बसत होता. ओढणी गुंडाळून तिने तो धरला.

स्वयंपाकघर... "नाही. लांब गेली."

बाथरूम... "नाही."

पॅसेज... "जवळ आली. अजून पुढे जा..."

बेडरूमच्या अलीकडे शाहीद एकदम ओरडला, "थांब! हिबा कुठाय?"

हलीमाने लॅपटॉप हॉलकडे वळवला. उजेडात चटई दिसली. रंगाचे खडू दिसले.

हिबा नव्हती.

"हिबा!"



"हलीमा," शाहीदचा आवाज फाटला होता, "मला हिबा ऐकू येतेय. ती म्हणतेय... 'थांब हां, उघडते.'"

हलीमा बेडरूममध्ये धावली.

भिंतीतलं कपाट. त्याच्यासमोर हिबा. दोन्ही हात कडीवर. दार बंद होतं. हलीमाने लॅपटॉप पलंगावर टाकला, पोरीला मागे खेचलं आणि छातीशी कवटाळलं.

त्याच क्षणी लॅपटॉप बंद पडला. तापला होता.

काळोख. फॅन नाही, शाहीद नाही. काहीच नाही.

आणि मग हलीमाने स्वतःच्या कानांनी ऐकलं...

शब्द नव्हते. एक लांब श्वास होता. उन्हातून आलेलं माणूस टेकताना सोडतं ना, तसा.

हुश्श...

कपाटातून आला की तिच्या मागून, हे तिला आजही सांगता येत नाही.

हिबाला घेऊन ती अनवाणी जिने उतरली. समोरच्या बैठ्या घरात सोनाबाई राहायची, तिथल्याच गावची म्हातारी. तिने दोघींना आत घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "दार उघडलं नाय ना?"

"नाही."

"मंग बरं हाय. पर आता तुमी तिथं राहू नका."

एवढं बोलून तिने आपल्या दाराला आतून कडी लावली.

हलीमा परत वर गेली नाही. अरसलानने भर दुपारी चार मित्र नेऊन सामान काढलं. कपाटही उघडलं. आत रजया होत्या, बाकी काही नाही.

पुढे शाहीद कायमचा परत आला. पनवेलमध्येच दुसरं घर झालं. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग एकदा दुपारी पाहुणे जेवायला होते. बोलता बोलता विषय निघाला. हलीमा म्हणाली, "मला जरा उशीर झाला असता तर या पोरीने दार उघडलंच असतं."

हिबा तोवर सातवीत गेली होती. ताटातून मान वर न करता ती म्हणाली, "उशीर झालाच होता, अम्मी. दार मी उघडलं होतं. तू आलीस तेव्हा मी ते लावत होते."

शाहीदने हातातला घास ताटात ठेवला.

त्याने विचारलं, "मग आत कोण होतं, बेटा?"

"कोणीच नव्हतं, अब्बू. आत मस्त थंड होतं."

हलीमाने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण घरात कुठेही बसली, तरी आता ती पाठ भिंतीला टेकवूनच बसते.