पिवळ्या पोटाचे बेडूक

थोरलीने होडी दलदलीत घातली ती बेडकांसाठी, आणि जावयावरच्या रागाने! पिवळ्या पोटाचे बेडूक, तेही जिवंत, या दलदलीपलीकडच्या बेटाखेरीज कुठेच मिळत नव्हते. दलदलीतलं पाणी आटून होडीची वाट बंद व्हायच्या आत ते नेले नाहीत, तर लेकीची प्रयोगशाळेतली खोली तिच्या हातून जाणार होती.

लेकीला घरात सगळे डॉक्टरीण म्हणत, जरी तिने जन्मात कुणाला साधी गोळी दिली नव्हती. बेडकांच्या डोक्यात काय चालतं, ते ती बघायची. बेडकासमोर मेलेल्या माश्यांचा ढीग ठेवला तरी तो उपाशी मरतो. त्याला हलतं तेच भक्ष्य वाटतं. पण दोन माश्या एकदम हलल्या तर तो जीभ कुणावर टाकतो, आणि दुसरी त्याच्या डोक्यातून कशी पुसली जाते, हा तिचा अभ्यास. तो सगळा तिच्या नवऱ्याने बुडवला. हा लग्नाच्या चित्रफिती काढणारा. बेडकांची चित्रफीत काढताना टाक्यांतलं पाणी खेळतं ठेवणाऱ्या पंपाची घरघर ऐकू येते म्हणून त्याने पंप बंद केला, आणि चालू करायला विसरला! सकाळी सगळ्या टाक्यांत पिवळी पोटं वर. बेडूक नाहीत तर खोलीही नाही, असं प्रयोगशाळेने बजावलं.

तेव्हापासून थोरली जावयाशी बोलत नव्हती. तो हाताच्या अंतरावर बसलेला असला तरी ती लेकीलाच म्हणे, सांग त्याला, वजन मधे घे म्हणावं. एकदा लेकीने निरोप द्यायच्या आतच तो सरकला, तर थोरलीने फटकारलं, मी माझ्या लेकीशी बोलतेय, मधे कान कोण घालतंय? मग तो निरोप येईपर्यंत दगडासारखा बसू लागला.

दलदल काही सोपी नव्हती. लव्हाळे डोक्याच्या वर गेलेले, पाण्याला कुजका वास, आणि वाट म्हणावी ती पुढच्या वळणावर बंद! दोनदा होडी गाळात रुतली. तिघांनी कमरेइतक्या चिखलात उतरून ती ढकलली. पोटऱ्यांना जळवा चिकटल्या. थोरली एकेक जळू ओढून काढी आणि प्रत्येकीला जावयाचं कौतुक ऐकवी.

बेटावर मात्र दैव उघडलं. डॉक्टरीणबाईंनी गवताची काडी जमिनीवर वळवळवली, की दगडाखालून बेडूक झेपावत. थोरलीने गंमत म्हणून दुसरी काडी हलवली. बेडकाने मान इकडे केली, तिकडे केली, आणि मग एकच काडी धरली. दुसरी त्याच्या नाकासमोर नाचली तरी त्याला तिचं काही नाही! "बघ, इतकी वर्षं मी हेच बघतेय," लेक म्हणाली. थोरली मनातून चकित झाली, पण तसं कबूल करणं तिच्या रक्तात नव्हतं.

ओलं शेवाळ भरलेला डबा बेडकांनी भरला. परतताना पाणी उथळ, म्हणून थोरली होडी घेऊन थोडी लांब थांबली. लेक डबा छातीशी धरून पाण्यात उतरली. जावई काठावर ताडपत्री गुंडाळत होता.

आणि लव्हाळ्यातला ओंडका सरकला. मगर!

लेक जागीच थिजली. पापणीही हलेना. मगरीचे डोळे तिच्यावर, अंतर थोडं थोडं कमी होतंय!

"सांग त्याला, ताडपत्री फडकव म्हणावं," थोरली होडीतून म्हणाली.

लेकीला तोंड उघडता येत नव्हतं. आणि जावई? तो ताडपत्री हातात धरून निरोपाची वाट बघत उभा! थोरलीची शिस्त तिलाच नडली होती.

"अहो, तुम्हालाच सांगतेय! फडकवा ती!"

तो धावला. ताडपत्री फडफडली. मगरीची मान वळली. पण काठाच्या चिखलात त्याचा पाय सटकला, आणि तो ताडपत्रीत गुरफटून पाण्यात पडला. आत हातपाय झाडतोय! आत त्याला काही ऐकू येईना. मगर सरळ त्याच्याकडे निघाली. थोरलीने बांबूने पाणी झोडपलं, शिव्या दिल्या, मगर ढिम्म. मगरीने एक निवडला होता, बाकी सगळं तिच्यापुरतं पुसलं गेलं होतं.

लेकीने डब्याचं झाकण उघडलं आणि डबा मगरीच्या तोंडापुढे भिरकावला. बेडूक उडाले. दहा दिशांना पिवळी पोटं! मगर थबकली. मान डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग जबडा मिटला तो पत्र्याच्या डब्यावर. तेवढ्यात लेकीने नवऱ्याला ताडपत्रीतून ओढून काढलं, थोरलीने होडी आणून दोघांना आत खेचलं.

होडी लव्हाळ्यात शिरली. एखादा तरी बेडूक राहिला का, थोरलीने विचारलं. लेकीने नकारार्थी मान हलवली.

"अगं, दगड फेकायचास. हाताशी होता की."

"दगड बुडतो, आई. हलत नाही."

आता पाणी आटणार. खोली जाणार. लेक ओल्या हातांकडे बघत बसली होती, आणि शेजारी जावई चिखलाने माखलेला, दात वाजवत, अंगठ्याला खरचटलेलं तेवढं दाखवत होता. थोरलीच्या डोक्यात जाळ उठला. खोलीवाल्यांवर, मगरीवर, स्वतःच्या तोंडावर. पण त्यातलं कुणी ओरडायला समोर नव्हतं; जावई होता, जिवंत, कान शाबूत असलेला.

तिने बांबू गाळात रोवला, होडी पुढे ढकलली, आणि पंपापासून सुरुवात केली.